घरच्या संगणकाचा पासवर्ड विसरल्यास काय करावे?

संगणक सुरू होतो, पडद्यावर ओळखीचे नाव दिसते, पासवर्ड टाकला की तो चुकीचा असल्याचा संदेश येतो. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. ऑफिसात असे झाले तर आयटी विभागाला फोन करता येतो. घरी ती सोय नसते. त्यातच हल्ली बहुतेक जण चार-सहा आकडी पिनने किंवा बोटाच्या ठशाने संगणक उघडतात. मूळ पासवर्ड वर्षभर लागतच नाही आणि नेमका लागतो तेव्हा आठवत नाही. काही घरांत मुलाने किंवा भाच्याने संगणक मांडून दिलेला असतो, त्यामुळे खाते कोणत्या ईमेलवर काढले आहे हेच घरातल्यांना ठाऊक नसते.

अशा वेळी पहिली धास्ती असते ती आत साठवलेल्या फोटोंची, हिशेबांची आणि कागदपत्रांची. पासवर्ड विसरल्याने यातले काहीही पुसले जात नाही. ते पुसले जाते घाईने 'रिसेट' किंवा 'फॉरमॅट' केल्यावर. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. संगणकाला दोन वेगवेगळी कुलपे असू शकतात. एक दाराचे, म्हणजे विंडोजमध्ये शिरण्याचा पासवर्ड. दुसरे आतल्या तिजोरीचे, म्हणजे डिस्कवरचे एन्क्रिप्शन. दाराचे कुलूप अनेक मार्गांनी उघडता येते. तिजोरीची किल्ली हरवली तर ती कंपनीलाही नव्याने बनवता येत नाही.

या लेखात मुख्यतः विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या घरगुती संगणकांची माहिती आहे. मॅक आणि लिनक्सविषयी शेवटी थोडक्यात सांगितले आहे.

आधी कळफलक तपासावा

पासवर्ड बरोबर असूनही तो नाकारला जाण्याची काही साधी कारणे असतात.

• कॅप्स लॉक चालू असणे. पासवर्डमध्ये लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात.

• नम लॉक. बाजूच्या आकड्यांच्या कळा बंद असतील तर आकडे उमटत नाहीत. काही जुन्या छोट्या लॅपटॉपवर उलटा प्रकार होतो. नम लॉक चालू झाले की यू, आय, ओ, जे, के, एल अशा अक्षरांच्या जागी आकडे उमटू लागतात.

• भाषा. संगणकावर मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक घेतलेला असेल तर प्रवेशाच्या पडद्यावरही तोच निवडलेला राहू शकतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली भाषेचे चिन्ह असते. तिथून किंवा विंडोजची कळ दाबून स्पेस दाबल्यास इंग्रजी निवडता येते. इंग्रजीतही ब्रिटिश मांडणी निवडली गेली असेल तर 'ॲट'चे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा एकमेकांत बदललेल्या असतात.

• बिघडलेली कळ. पासवर्डच्या चौकटीतले डोळ्याचे चिन्ह दाबून धरल्यास टाकलेली अक्षरे दिसतात. एखादे अक्षर उमटत नसेल तर ते तिथे लगेच कळते. तसे असल्यास दुसरा कळफलक जोडावा किंवा कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कळफलक उघडावा.

अंदाजाने पासवर्ड टाकत राहू नये. विंडोज ११ च्या २०२२ मधल्या आवृत्तीपासून नव्याने मांडलेल्या संगणकावर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटांसाठी बंद होते. आठवणारे पर्याय आधी कागदावर लिहून मग एकेक करून पाहावेत.

विसरलेला पासवर्ड कोणी 'काढून' का देऊ शकत नाही?

विंडोज पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून तयार झालेला ठसा, म्हणजे 'हॅश', तेवढा जपून ठेवते. पुढच्या वेळी पासवर्ड टाकला की त्याचा ठसा काढून जुन्याशी ताडला जातो. दोन्ही जुळले की दार उघडते. ही प्रक्रिया एकाच दिशेने चालते. ज्वारीचे पीठ होते, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. त्यामुळे जुना पासवर्ड शोधण्याच्या मागे न लागता नवा पासवर्ड बसवणे हाच सगळ्या अधिकृत उपायांचा मार्ग असतो. तो कसा बसवायचा हे खाते कोणत्या प्रकारचे आहे यावर ठरते.

खाते कोणत्या प्रकारचे आहे?

विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात. मायक्रोसॉफ्ट खाते एखाद्या ईमेल पत्त्याला जोडलेले असते आणि त्याचा पासवर्ड इंटरनेटवरून बदलता येतो. लोकल खाते फक्त त्या एका संगणकापुरते असते. बाहेर त्याची कुठेही नोंद नसते.

पासवर्डच्या चौकटीखाली 'आय फर्गॉट माय पासवर्ड' हा दुवा दिसत असेल आणि तो दाबल्यावर ईमेल किंवा फोनवर कोड पाठवण्याची तयारी दाखवत असेल, तर खाते मायक्रोसॉफ्टचे आहे. चुकीचा पासवर्ड टाकल्यावरच 'रिसेट पासवर्ड' हा दुवा दिसला आणि त्यात सुरक्षेचे प्रश्न आले, तर खाते लोकल आहे. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्या मांडणीच्या वेळीच मायक्रोसॉफ्ट खाते मागते. त्यामुळे अलीकडे घेतलेल्या लॅपटॉपवर बहुधा तेच असते, मग ते दुकानदाराने काढून दिलेले का असेना.

मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर

हा सर्वांत सोपा प्रकार. फोनवरून किंवा दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर खात्याचा पासवर्ड बदलता येतो. नोंदवलेल्या फोनवर किंवा पर्यायी ईमेलवर एक कोड येतो. तो टाकला की नवा पासवर्ड ठरवता येतो.

यानंतर अनेक जण एका ठिकाणी अडतात. पासवर्ड बदलला तरी संगणक नवा पासवर्ड घेत नाही. कारण एवढेच असते की त्या संगणकाला इंटरनेट मिळालेले नसते, त्यामुळे बदल झाल्याचे त्याला माहीत नसते. प्रवेशाच्या पडद्यावरच उजव्या कोपऱ्यात वायफायचे चिन्ह असते. तिथून जोडणी करून मग नवा पासवर्ड टाकावा.

नोंदवलेला फोन क्रमांक हरवलेल्या सिमचा असेल, तर ओळखपत्र दाखवून मोबाइल कंपनीकडून त्याच क्रमांकाचे दुसरे सिम मिळते. ते आधी करावे. क्रमांक कायमचा बंद झाला असेल आणि पर्यायी ईमेलही उघडत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा खाते परत मिळवण्याचा अर्ज भरता येतो. त्यात पूर्वी वापरलेले पासवर्ड, अलीकडे पाठवलेल्या ईमेलचे विषय, कोणाकोणाला ईमेल केले अशी माहिती विचारतात. जितके तपशील जुळतील तितकी शक्यता वाढते. हा अर्ज नेहमीच्या घरातून, पूर्वी वापरलेल्या फोनवरून किंवा संगणकावरून भरणे चांगले. दिवसातून दोन वेळा प्रयत्न करता येतो. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर मात्र हा अर्ज चालत नाही.

फक्त पिन विसरला असेल तर

पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, खात्याचा पासवर्ड कुठूनही चालतो. 'साइन-इन ऑप्शन्स' दाबून पासवर्डचा पर्याय निवडला की पिनशिवाय आत जाता येते. मायक्रोसॉफ्ट खाते असल्यास 'आय फर्गॉट माय पिन' हा दुवा दाबून, ओळख पटवून लगेच नवा पिन ठरवता येतो. त्यासाठीही इंटरनेट लागते.

लोकल खाते असेल तर

लोकल खात्याला अधिकृत मार्ग तीन असतात आणि तिन्हींची तयारी आधी झालेली असावी लागते.

पहिला मार्ग सुरक्षेच्या प्रश्नांचा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून लोकल खाते काढताना तीन प्रश्न ठरवावे लागतात. चुकीचा पासवर्ड टाकल्यावर 'रिसेट पासवर्ड' दाबून तिन्हींची उत्तरे द्यावीत. उत्तरे जशी लिहिली होती तशीच द्यावी लागतात. गावाचे नाव विचारले असेल तर त्याची इंग्रजी अक्षरे कशी लिहिली होती हे आठवावे लागते.

दुसरा मार्ग पासवर्ड रिसेट डिस्कचा. ही म्हणजे पेन ड्राइव्हवर साठवलेली एक छोटी फाइल असते. ती एकदा करून ठेवली की नंतर पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी चालते.

तिसरा मार्ग दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा. घरातल्या दुसऱ्या कोणाचे तसे खाते त्याच संगणकावर असेल, तर त्यातून कंट्रोल पॅनलमधल्या 'यूजर अकाउंट्स' विभागात जाऊन अडकलेल्या खात्याला नवा पासवर्ड देता येतो.

या तिसऱ्या मार्गाची एक किंमत असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्याच सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स यांची किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली असते. बाहेरून नवा पासवर्ड लादला की ती किल्ली निकामी होते. साधे फोटो, वर्ड आणि एक्सेलच्या फाइल्स सुरक्षित राहतात. नंतर जुना पासवर्ड आठवला आणि तो पुन्हा बसवला तर ही माहिती बऱ्याचदा परत वाचता येते. म्हणून आठवण्याची थोडी जरी आशा असेल, तर हा उपाय एक-दोन दिवस थांबून करावा.

यातले काहीच हाताशी नसेल तर: आधी फाइल्स, मग रिसेट

लोकल खाते आहे, प्रश्नांची उत्तरे आठवत नाहीत, दुसरे खाते नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचा सल्ला संगणक रिसेट करण्याचा असतो, आणि त्यात आतला डेटा, प्रोग्रॅम्स आणि सेटिंग्ज कायमचे जातात. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडले की 'ट्रबलशूट' आणि पुढे 'रिसेट धिस पीसी' हा पर्याय दिसतो. तो दिसला म्हणून लगेच दाबू नये.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर तिच्यावरच्या फाइल्स विंडोजमध्ये न शिरताही वाचता येतात. एक पद्धत म्हणजे दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखी लिनक्सची मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवर तयार करून अडकलेला संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करणे. उबुंटू डिस्कवर न बसवता 'ट्राय उबुंटू' हा पर्याय निवडावा. मग विंडोजची डिस्क उघडून फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेता येतात. दुसरी पद्धत म्हणजे डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावणे. डेस्कटॉपमध्ये हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. ज्या लॅपटॉपमध्ये डिस्क मुख्य बोर्डावरच बसवलेली असते त्यात ते शक्य नसते.

फाइल्स उतरवल्यावर त्यांतल्या दहा-वीस दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्या नीट उघडतात याची खात्री झाल्यावरच रिसेट करावे. विंडोजचा परवाना त्या यंत्राशी जोडलेला असेल, तर त्याच यंत्रावर पुन्हा विंडोज बसवल्यावर तो इंटरनेटवरून आपोआप लागू होतो. नवा विकत घ्यावा लागत नाही.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर

वरची पद्धत करायला घेतली आणि डिस्क उघडलीच नाही, तर ती एन्क्रिप्ट केलेली असण्याची शक्यता मोठी असते. विंडोजमध्ये हे काम बिटलॉकर करतो. २००७ मध्ये विस्टासोबत आलेली ही सोय आधी महागड्या आवृत्त्यांपुरती होती. पुढे होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने तिचे साधे रूप आले. योग्य यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ते आपोआप सुरू होऊ शकते. २०२४ मधल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्याने मांडलेल्या अधिक संगणकांवर ते असे सुरू होऊ लागले. त्यामुळे आपली डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. फक्त लोकल खात्यावर चालत आलेल्या जुन्या डेस्कटॉपवर हा अडथळा सहसा येत नाही.

एन्क्रिप्ट केलेली डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी तिच्यावर अर्थहीन मजकूरच दिसतो. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतले काही वाचता येऊ नये, यासाठीच ही सोय आहे. मालकालाही तोच नियम लागू होतो. उघडण्याचा मार्ग म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की. सहा-सहा अंकांचे आठ गट अशी ती असते.

ही किल्ली शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एन्क्रिप्शन आपोआप सुरू झाले असेल तर ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने ते सुरू झाले त्या खात्यात साठवलेली असते. फोनवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. घरात दोन-तीन जणांनी संगणक वापरला असेल तर सगळ्यांची खाती तपासावीत. कोणी हाताने बिटलॉकर सुरू केला असेल तर किल्ली कागदावर छापलेली किंवा पेन ड्राइव्हवर साठवलेली असू शकते. कॉलेज किंवा ऑफिसचे खाते त्या लॅपटॉपला जोडलेले असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे ती असू शकते. पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक दिसतो, त्यावरून अनेक किल्ल्यांमधली नेमकी कोणती हे ताडून पाहता येते.

यातल्या कुठेही किल्ली सापडली नाही आणि खात्यातूनही आत जाता आले नाही, तर डेटा गेला असेच समजावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राकडेही दुसरी किल्ली नसते. म्हणून संगणकाच्या बायोसमधल्या सेटिंग्ज बदलण्याआधी किल्ली शोधून ठेवावी. सुरक्षित बूटसारखी सेटिंग बदलली की बिटलॉकरला यंत्रात फेरफार झाल्याचा संशय येतो आणि एरवी न मागितलेली किल्ली तो मागू लागतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर काही वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर ॲपल खात्याच्या मदतीने नवा पासवर्ड ठरवण्याचा पर्याय पुढे येतो. फाइलव्हॉल्ट हे एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी कीही चालते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये साठवण कायम एन्क्रिप्ट केलेली असते. डिस्क काढून वाचण्याचा मार्ग तिथे नाही.

लिनक्सवर, उदाहरणार्थ उबुंटूत, सुरू होतानाच्या यादीतून रिकव्हरी मोड निवडून खात्याला नवा पासवर्ड देता येतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मात्र तिचा पासवर्ड आठवणे हाच इलाज.

दुकानात नेताना आणि मदत शोधताना

दुरुस्तीच्या दुकानात बऱ्याचदा पहिले वाक्य ऐकू येते ते 'फॉरमॅट मारावा लागेल' असे. संगणक चालू करून देणे एवढेच काम समजले तर ते चूकही नसते. म्हणून देतानाच स्पष्ट सांगावे, शक्य तर लिहून द्यावे, की आधी फाइल्स हव्यात आणि विचारल्याशिवाय डिस्क पुसायची नाही. फोनवर आलेला कोड दुकानदाराला सांगू नये, तो स्वतः टाकावा. काम झाल्यावर पासवर्ड बदलावा.

इंटरनेटवर 'कस्टमर केअर' म्हणून दिसणारे अनेक फोन क्रमांक फसवणूक करणाऱ्यांचे असतात. पलीकडचा माणूस संगणक लांबून चालवण्याचे ॲप घ्यायला सांगतो किंवा 'पासवर्ड काढून देण्याचे' पैसे आधी मागतो. अशा ठिकाणी फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पासवर्ड मोडून देणारे अनोळखी प्रोग्रॅमही उतरवून घेऊ नयेत, त्यांतून व्हायरस येण्याचा धोका असतो.

हे सगळे उपाय स्वतःच्या संगणकासाठी आहेत. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो. त्याच्या कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

आत शिरता आले की त्याच दिवशी पुढची कामे उरकावीत.

• रिकव्हरी की छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी. ती फक्त त्याच संगणकात साठवली तर उपयोग नाही.

• मायक्रोसॉफ्ट खात्यात चालू असलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल नोंदवावा. नवे सिम घेतले की लगेच बदल करावा.

• संगणकावर घरातल्या विश्वासू व्यक्तीचे दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर खाते काढावे.

• लोकल खाते असेल तर पासवर्ड रिसेट डिस्क करून कपाटात ठेवावी.

• महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क एरवी संगणकापासून वेगळी ठेवावी.

• महिन्यातून एकदा पिनऐवजी पासवर्ड टाकून आत जावे. हाताला सवय राहते.

पासवर्ड कागदावर लिहूच नये असे म्हटले जाते, पण घरच्या संगणकासाठी कुलूपबंद कपाटातला कागद हा वाईट पर्याय नाही. कळफलकाखाली चिकटवलेली चिठ्ठी मात्र नको. तो कागद कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावे. संगणक वापरणारी व्यक्ती आजारी पडली किंवा हयात राहिली नाही, तर कुटुंबाला तिने जपलेले फोटो आणि कागद उघडता येतील की नाही, हे अनेकदा त्या एका कागदावरच ठरते.